कधी चालू होतो, कधी नाही : कॉम्प्युटरचं हे दुखणं घरीच कसं पकडायचं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला आमच्या नानांचं कृषी केंद्र आहे, तिथला बिलिंगचा कॉम्प्युटर मागच्या जानेवारीत रुसला. एकदाचा बंद पडला असता तर बरं, दुरुस्तीला टाकून मोकळे झालो असतो. पण हा सकाळी शटर उघडल्यावर चार-पाच वेळा बटण दाबलं तरी मेल्यासारखा पडून राहायचा आणि अकराच्या सुमाराला कोणी सहज हात लावला की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. युरियाचं बिल करायला माणसं उभी, आणि नानांचा मला फोन, "भो, हाई डबडं सकायले चालू व्हस नही, दुपारले आपेआप चालू व्हई जास, भूत शे का काय यामा?"

तोवर एका रिपेअरवाल्याने आधी रॅम बदलून दिली होती, नंतर हार्ड डिस्क. दोन्ही वेळा त्याच्या टेबलावर मशीन एका झटक्यात चालू झालं, दुकानात आणलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

म्हणून सांगतो, असा लपंडाव खेळणारा फॉल्ट असला की पेचकस नंतर, आधी वही. आठवडाभर रोज लिहा : किती वाजता बटण दाबलं, कितव्यांदा चालू झाला, गारवा होता का उकाडा, लाईट नुकतीच येऊन-जाऊन झाली होती का, आणि "चालू झाला नाही" म्हणजे नेमकं काय झालं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पंखा, दिवा काहीच नाही, ही एक तऱ्हा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, म्हणजे डिस्प्ले नाही, ही दुसरी. एक सेकंद पंखा हलतो आणि बंद, ही तिसरी. आणि कंपनीचा लोगो येतो पण विंडोज येत नाही, ही चौथी. चारही तऱ्हांना आपण "कॉम्प्युटर चालू होत नाही" एवढंच म्हणतो आणि मग मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलत बसतो.

आणि हो, या आठवड्यात ज्या दिवशी तो चालू होईल त्या दिवशी सगळ्यात आधी हिशोबाचा डेटा, फोटो, जे काही असेल ते पेन ड्राईव्हवर घेऊन ठेवा, उद्या तो उठेलच याची गॅरंटी कोण देणार.

आधी भिंतीकडे बघा

आपल्याकडे अर्धे आजार भिंतीतच असतात. थ्री पिन सॉकेटात सैल बसते, एक्स्टेंशन बोर्डाचं बटण आतून जळालेलं असतं, एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला, आतल्या सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) मागे जी जाड वायर लागते ती अर्धवट बाहेर आलेली असते. सगळं काढून घट्ट लावा. मग एकदा मधला बोर्ड, यूपीएस, स्पाईक गार्ड सगळं बाजूला ठेवून सरळ भिंतीच्या सॉकेटात लावून दोन-तीन दिवस बघा. यूपीएसची बॅटरी उतरली असली तर सुरुवातीचा झटका तिला झेपत नाही आणि दोष कॉम्प्युटरवर जातो.

संध्याकाळी ट्यूब फडफडते, पंखा रडत फिरतो, त्याच वेळी कॉम्प्युटर नाटक करत असेल तर मल्टीमीटरने सॉकेटातलं व्होल्टेज मोजा. हे स्वतः मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, त्यात लाज नाही. २३० च्या आसपास पाहिजे. खेड्यात एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) मोटारी चढल्या की ते बरंच खाली येतं. तुमचा एसएमपीएस किती खालपर्यंत तग धरतो ते त्याच्या स्टिकरवरच लिहिलेलं असतं, काहींवर १०० ते २४० तर काहींवर नुसतंच २०० ते २४०. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असं लिहिलेलं लाल बटण असतं, ते चुकूनही ११५ वर सरकवू नका, आपल्या लाईटवर फाटकन उडतो.

मग एक फुकटचा उपाय

पिन भिंतीतून काढा आणि कॉम्प्युटरचं पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठलेला उरलासुरला करंट निघून जातो. लाईट झटके देऊन आली-गेली की एसएमपीएस स्वतःला वाचवायला लॉक होऊन बसतो आणि पिन काढून थोडं थांबलं तरच सुटतो. एवढ्याने चालू झाला आणि पुन्हा फक्त लाईट गेल्यावरच अडला, तर तुमचा प्रश्न मशीनचा कमी आणि लाईटचा जास्त आहे.

झाकण उघडताना

पिन काढलेली पाहिजे, हे दोनदा तपासा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच आत हात घाला, अंगातली स्टॅटिक निघून जाते. आणि एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र उघडायचा नाही, कितीही हुशार असा. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या डबीत, ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ टिकून राहू शकतो.

आपल्या भागात जिनिंगच्या आसपास घर किंवा दुकान असलं तर आत काय सापडतं ते बघण्यासारखं असतं. नानांचं मशीन मागच्या अंगणात खाटेवर नेऊन उघडलं तर प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकवर कापसाची गादीच झालेली, बोटाने उचलली तर अख्खी गोधडीसारखी वर आली, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी. ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने साफ करा, पण हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू दिला तर बेअरिंग जातं. ओलं फडकं नको.

साफ झाल्यावर वायरी. मदरबोर्डला, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाला, २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांचा छोटा, दोन्ही काढून परत बसवा आणि काढलेले असताना पिनांचं तोंड बघा, एखादी तपकिरी किंवा वितळल्यासारखी दिसली तर चोर तिथेच.

डिस्प्ले नसेल तर रॅम

पंखा फिरतो, स्क्रीन काळी, ही तऱ्हा असेल तर रॅमवर पहिला संशय घ्या, विशेषतः पावसाळ्यात सुरू झालं असेल तर. दोन्ही बाजूच्या क्लिपा उघडून रॅम काढा, सोनेरी पट्टीवर पोरांच्या कंपासपेटीतलं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि टक असा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एक-एक लावून बघा, मग स्लॉट बदलून बघा. रॅम चांगली आणि स्लॉट खराब, असंही असतं. बीप येत असेल तर किती आणि कशी ते वहीत लिहा, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो. नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (डिस्क) अशा चार बारक्या लाईटी असतात, गाडी कुठे अडली ते तीच लाईट सांगते.

मेल्यासारखा असेल तर बटण

हे फार जण विसरतात. समोरचं पॉवर बटण म्हणजे एक स्वस्तातला स्विच, धूळ आणि वर्षानुवर्षांची ठोकाठोकी यांनी तो खराब होतो. बटणाची बारीक जोडवायर मदरबोर्डावर जिथे लागते, बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्यात, ती काढा आणि लाईट चालू ठेवून त्याच दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवा. फक्त त्याच दोन, शेजारच्या नाही. दर वेळी एका टचमध्ये चालू होतो? मग बटण गेलंय, रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावून टाका आणि पुढे रीसेटनेच चालू करत जा. उलटंही असतं, रीसेटचं बटण आत अडकून राहतं आणि मशीन कायम रीसेटमध्येच, पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही.

गार-गरमचा खेळ

आता नानांच्या मशीनकडे. वहीत सात सकाळी लिहिल्या होत्या. थंडी जास्त त्या दिवशी पाच-सहा वेळा दाबावं लागलं, ढगाळ आणि जरा उबदार सकाळी दोनदा, दुपारी एकदाही अडला नाही. हा पॅटर्न दिसला की मला एसएमपीएसचाच वास येतो. त्याच्या आतल्या कपॅसिटरांमध्ये ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातं, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, पत्र्याखालच्या दुकानात तर विचारूच नका. सुकलेला कपॅसिटर गारठ्यात अजूनच सुस्त होतो. चालू झाल्यावर एसएमपीएस मदरबोर्डाला "पॉवर गुड" नावाचा एक सिग्नल देतो, नेहमीच्या हिशोबाने अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि व्होल्टेज तोवर स्थिर झालं नाही तर तो सिग्नल जात नाही आणि बोर्ड उठत नाही. चार-पाच वेळा दाबल्यावर आतला माल जरा कोमट होतो, मग उठतो. म्हणजे उन्हाळ्यात जे बिघडलं ते हिवाळ्यात कळलं.

खात्री करायला एक जुगाड केला. गार सकाळी, पिन काढलेली असताना, वहिनींचा हेअर ड्रायर मागून घेतला (वहिनींनी आधी विचारलं, कॉम्प्युटरने डोक्यावरून आंघोळ केली का) आणि एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून दोन मिनिटं कोमट हवा मारली, फार जवळून नाही. मग पिन लावून बटण दाबलं, पहिल्या झटक्यात चालू. दुसऱ्या दिवशी हवा न मारता बघितलं तर पाचव्यांदा. जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारला तर एका कपॅसिटरचं डोकं टम्म फुगलेलं आणि त्यावर तपकिरी खपली. मदरबोर्डावरचे कपॅसिटरही असेच बघा, डोकं सपाट पाहिजे.

मल्टीमीटर असेल तर मशीन चालू असताना पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायर ४.७५ ते ५.२५, आणि मशीन बंद पण पिन लावलेली असताना जांभळी वायर ५ च्या आसपास दाखवायला हवी (काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे हा रंगांचा हिशोब चालत नाही). व्हिडिओत दाखवतात तशी हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ओके, हे मात्र मी मानत नाही. लोड नसताना पंखा कोणीही फिरवेल. खरी परीक्षा म्हणजे ओळखीतल्या कोणाचा तरी चांगला एसएमपीएस आठवडाभर लावून बघायचा, मी माझ्याच घरचा काढून नेला होता.

उलट तऱ्हा असेल, म्हणजे सकाळी ठणठणीत आणि तासाभराने बंद पडून लगेच परत चालू होत नाही, तर उष्णतेकडे बघा. हीटसिंकची प्लास्टिकची पिन एखादी निसटलेली असते, किंवा प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. जुनी पुसून मुगाच्या दोन दाण्यांएवढी नवी लावा. श्रीखंडासारखी थापू नका.

बाकी बारीकसारीक

तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा गोल सेल बदला, नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. काही बोर्ड हा सेल मेला की चालू व्हायलाच कुरकुर करतात.

मागचे सगळे यूएसबी काढून बघा. प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राईव्ह यातलं एखादं शॉर्ट असलं की मशीन अडतं. तरी सापडलं नाही तर आतलंही सगळं सोडवा, फक्त पंख्यासकट प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवून चालू करा (प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नसेल तर ग्राफिक कार्डही ठेवावं लागेल), मग रोज एक-एक वस्तू जोडत जा. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशाचा ते कळणारच नाही.

लोगो येतो पण विंडोज येत नाही, आणि रीस्टार्टला नीट पण शट डाऊन करून चालू केलं की अडतो, असं असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज ८ पासून शट डाऊन खरं पूर्ण होतच नाही, अर्धी झोपच असते ती. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा आणि डेटा वाचवा.

एवढं करूनही दुकानात न्यावं लागलं तर "चालू होत नाही" असं सांगू नका, वहीचं पान दाखवा. चोपड्याहून जळगावला गाडीच्या डिकीत उन्हात तापत गेलेलं मशीन तिथे चालू होणारच आणि तुम्ही खोटे पडणार. त्याला सांगा, रात्रभर इथेच ठेव, सकाळी शटर उघडल्या-उघडल्या चहाच्या आधी पहिलं बटण याचं दाब.