नाशिकच्या थंडीत घरच्या घरी काळोखा फोक-कंट्री अल्बम

एक गळा आणि एक गिटार, एवढ्यावरच अल्बम उभा करायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. नाशिकच्या थंडीत पंखा लागत नाही, आणि हळू आवाजातल्या गाण्याचा पंख्याइतका वैरी दुसरा नाही. रात्री बारानंतर बसा, फ्रिज बंद ठेवा. पंचवटीत राहत असाल तर काकडआरतीच्या आत आटपा. स्टुडिओ नाही म्हणून अडू नका. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२चा ‘नेब्रास्का’ अल्बम घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला.

गिटार अर्धा तास आधी खोलीत आणा, नाहीतर दर टेकला, म्हणजे गाणं घेण्याच्या दर खेपेला, सूर हलतो. सगळ्या तारा एक टोन उतरवा: डी-जी-सी-एफ-ए-डी. गाणं खाली येतं, ओरडावं लागत नाही. तारा सैल पडून खरखरल्या तर १२ऐवजी १३चा, म्हणजे जाड तारांचा, सेट चढवा.

गळा आणि गिटार एकदमच घ्या. वेगवेगळं घेतलं की लय नीटनेटकी होते, पण श्वास आणि अंगठा यांचं नातं तुटतं. त्यासाठी दोन कार्डिऑइड (समोरचं टिपणारे, पाठीमागचं टाळणारे) कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारे) माइक हवेत. गळ्याचा तोंडापासून १०-१५ सेंमीवर, हनुवटीच्या उंचीवरून वर रोखलेला. गिटारचा बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) २०-२५ सेंमीवर, वरून खाली झुकलेला. भोकासमोर ठेवला तर नुसतं घुमतं. अशाने दोघांची पाठ एकमेकांच्या आवाजाकडे येते. गोधडी माइकमागे नको, तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगा, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं.

जवळून गाताना खर्ज फुगतो. तो हवाच, फक्त ८० हर्ट्झखालचा अगदी खोल घुमारा कापा. ‘फाटक’, ‘भाकर’ म्हणताना हवेचा फटका बसतो. तिथे पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी) लावूनही भागलं नाही तर माइक ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवा.

दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका. आवाज पोकळ वाटला तर गिटारच्या ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटा. तरीही पोकळच राहिला तर माइक पाचेक सेंमी हलवा. ही चूक पुढे इक्वलायझरने (खर्ज-तीव्र कमीजास्त करणाऱ्या साधनाने) निघत नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर, सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास.

खुर्ची आणि स्टँडच्या पायांशी फरशीवर चिकटपट्टी लावा. उद्याचं गाणं त्याच खुणांवर बसून घ्या, म्हणजे दहाही गाणी एकाच खोलीतली वाटतील.