जुन्या फोर-बाय-फोरचा आवाज: पाना हातात घेण्याआधी

जुन्या फोर-बाय-फोरच्या (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळू शकणाऱ्या गाडीच्या) पोटाखालचा आवाज कानाला हमखास फसवतो. मागच्या हाउसिंगमधली (ॲक्सलवरच्या गियरच्या पेटीतली) घरघर चासीवाटे पुढे येते आणि गियरबॉक्समधून आल्यासारखी वाटते. म्हणून आवाज कुठून येतो, हे सगळ्यात शेवटी बघायचं. तो कशाच्या वेगाबरोबर वाढतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय बदलला की त्याचं काय होतं, ही दोन उत्तरं आधी मिळवा. कित्येक गाड्या विनाकारण उघडल्या जातात त्या याच घाईपायी.

टायर पहिल्यांदा बाजूला काढा. मोठ्या ठोकळ्यांचे टायर पायऱ्यांसारखे झिजले की अगदी बेअरिंगसारखे गुरगुरतात. रस्ता बदलल्यावर आवाजाचा सूर बदलला किंवा पुढचे-मागचे टायर अदलाबदल केल्यावर आवाजाची जागा बदलली, तर दोष टायरचाच.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. इंजिन बंद करू नका, नाहीतर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत जाते आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच संशयातून सुटले.

आता थोडं गणित. ७२ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाची एक फेरी म्हणजे सुमारे २.२५ मीटर. ताशी ६० ला असं चाक सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या घेतं. हाउसिंगचं गुणोत्तर ४.५ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या साडेचार, तर प्रॉपेलर शाफ्ट (हाउसिंगपर्यंत जोर नेणारा लांब दांडा) त्याच वेळात तेहतीसेक फेऱ्या मारतो. त्यामुळे चाकाशी जोडलेला दोष ‘वऊ-वऊ-वऊ’ असा लाटांनी येतो, तर शाफ्टचा दोष सलग थरथर किंवा गुंजन होऊन येतो. टकटक असेल तर गाडी चालण्याच्या गतीने न्या आणि कुणाला तरी बाजूने चाकाकडे बघत मोजायला सांगा. चाकाच्या एका फेरीला एक टक म्हणजे चाक, ब्रेक किंवा क्राऊनचा (हाउसिंगमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा) तुटका दात. चार-पाच टक म्हणजे पिनियन (क्राऊनला फिरवणारं लहान दातेरी चक्र) किंवा शाफ्ट.

भाराची परीक्षा याहून बोलकी. पाय दाबल्यावरच हुंकार येतो आणि काढल्यावर थांबतो, किंवा नेमकं उलट होतं, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची एक बाजू झिजलेली आहे किंवा जुळणी हललेली आहे. पाय कसाही असला तरी आवाज तोच, पण डावीकडे वळताना वाढतो, तर उजव्या बाजूचं व्हील बेअरिंग तपासा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावरच सुरू होते, तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

पुढचा ॲक्सल की मागचा, हे हाताने बंद-उघड होणारे लॉकिंग हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर फुकटात कळतं. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) टू-व्हीलमध्ये ठेवा आणि हब मोकळे करून गाडी चालवा. मग टू-व्हीलमध्येच राहून दोन्ही हब लॉक करा आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. दुसऱ्या खेपेलाच आवाज आला, तर पुढचं हाउसिंग, पुढचा शाफ्ट किंवा ट्रान्सफर केसचं पुढचं बेअरिंग. हब नसतील तर पार्ट-टाइम (गरजेपुरतंच फोर-व्हील लावायच्या) गाडीत फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या जोडचकतीवर) खूण करून पुढचा शाफ्ट उतरवता येतो. कायम चारही चाकं चालणाऱ्या गाडीत मात्र तसं करण्याआधी मधलं डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) लॉक करावं लागतं, आणि व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवाने दोन्ही बाजू आपोआप जोडणारा भाग) असेल तर ही परीक्षा करूच नका. पार्ट-टाइम फोर-व्हील कोरड्या डांबरावर लावून आवाज शोधणंही चूक. पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि धडधाकट गाडीही आचके देते.

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच जुन्या फोर-बाय-फोरमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर लागतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं, हँडब्रेक निकामी होतो आणि गाडी घरंगळते. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी स्टँडवर घ्या.

शाफ्टचे क्रॉस (टोकांचे फिरते सांधे) हाताने तपासा. गियर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. शाफ्ट एका हाताने धरून दुसऱ्याने योक (क्रॉसला धरणारा दुबेळका) उलट पिळा. क्रॉसमध्ये किंचितही हालचाल जाणवायला नको. कॅपच्या कडेला लालसर गंजाची पूड दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्या आहेत. निघताना येणारी ‘चीं-चीं’ आणि गियर बदलताना बसणारा ‘टक’ इथलाच. ग्रीसगन मारताना चारही कॅपमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबा. तीनमधून आलं आणि चौथी कोरडीच राहिली, तर ती चौथीच आवाज करणारी, तो क्रॉस बदला. सरकता जोड उघडलात तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले पाहिजेत. खाच चुकली की नवीनच थरथर सुरू होते.

चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई आढळली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: ती गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं ते सांधे). मग बोटं स्प्रिंगवर टेकवून चाक सावकाश फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते.

तेल बघताना भरायचा बोल्ट आधी सोडा, काढायचा नंतर. वरचा अडकलाच तर रिकाम्या हाउसिंगनिशी बसायची वेळ येत नाही. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असणं साहजिक आहे, पण चकत्या किंवा तुकडे असतील तर गाडी चालवणं थांबवा. तेल दुधाळ असेल तर ब्रीदर (हाउसिंगमधल्या हवेची ये-जा होण्याची वाट) तपासा. तापलेला ॲक्सल पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं.

आणि आवाज पिनियनचं सील बदलल्यानंतरच सुरू झाला असेल, तर पहिला संशय पिनियनच्या नटावर घ्या. आत चेपणारी स्लीव्ह असलेल्या हाउसिंगमध्ये हा नट एअर गनने आवळला की स्लीव्ह जास्त चेपते आणि बेअरिंगवर नको तितका ताण येतो. नट मागे सैल केल्याने ती पूर्ववत होत नाही. स्लीव्ह नवीन टाकून ताण पुन्हा मोजूनच बसवावा लागतो.