बी.एड.ला जाताय? कार्यक्रमांचा कंटाळा करू नका

यंदा आमच्या शेजारच्या काकूंच्या धाकट्या मुलीला बी.एड.ला प्रवेश मिळाला. सीईटी झाली, कॅप राउंड झाले, हवं होतं ते कॉलेज लागलं. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली ती जरा खट्टू होऊनच. "ताई, तास कमी आणि कार्यक्रमच जास्त. स्वागत समारंभ झाला, वृक्षारोपण झालं, आता परिपाठाची तालीम चाललीय. मी शिकवायला शिकायचं कधी?"

तिचं म्हणणं मला अगदी ओळखीचं वाटलं. मी 2017 ते 2019 या काळात नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एड. केलं; मराठी आणि इतिहास या माझ्या मेथड, म्हणजे शिकवण्यासाठी निवडलेले विषय. पहिल्या महिन्यात मीही हेच घरी सांगत होते. आता माध्यमिक शाळेत शिकवताना रोज हाताशी येतं ते बहुतेक त्या 'कार्यक्रमां'मध्येच मिळालेलं आहे. म्हणून नव्यानं जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. न्यायमूर्ती वर्मा आयोगानं 2012 साली शिक्षक-प्रशिक्षणाच्या दर्जावर कडक शब्दांत बोट ठेवलं, त्यानंतर एनसीटीईचे (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे) 2014 चे नियम आले आणि 2015-16 पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. वाढलेल्या वेळातला मोठा वाटा शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला दिला गेला : एकूण 20 आठवडे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेचे, म्हणजे रोज शाळेत जाऊन शिक्षकाचं काम करण्याचे. नाट्य आणि कला, वाचन आणि मनन, स्वतःची ओळख असे विषयही आले, आणि ते कार्यशाळा-उपक्रमांतूनच शिकायचे असतात. तेव्हा कॉलेजात कार्यक्रम जास्त दिसतात ते वेळ घालवण्यासाठी नव्हे. अभ्यासक्रमाची आखणीच तशी आहे.

सुरुवात परिपाठापासून होते. वर्गाचे गट पाडतात, एकेक गट आठवडाभर परिपाठ घेतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या, दिनविशेष, बोधकथा, समूहगीत, शेवटी पसायदान. पदवी घेतलेल्या माणसांनी ओळीत उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची हे पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं खरं. पण आंतरवासितेला शाळेत पाऊल टाकलंत की दुसऱ्या दिवशीच मुख्याध्यापक म्हणतात, "उद्यापासून परिपाठ बी.एड.वाल्यांकडे." समोर चारशे मुलं, माइक खरखरतोय, मागची रांग ढकलाढकली करतेय, अशा वेळी आवाज कुठून काढायचा आणि किती वेळात आवरायचं याचा सराव कॉलेजातच झालेला बरा. माझी एकच विनंती आहे : दिनविशेष मोबाइलवरून उतरवून दहा नावं धडाधड वाचू नका. एकच निवडा आणि तो नीट सांगा. 28 फेब्रुवारीला 'आज राष्ट्रीय विज्ञान दिन' म्हणून पुढे गेलात तर मुलांच्या हाती काही लागत नाही. 1928 साली याच दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला, आणि त्याचं कुतूहल त्यांना समुद्राच्या निळ्या रंगावरून लागलं होतं, एवढं सांगितलंत तर मधल्या सुट्टीत एखादा तरी विचारायला येतो, "बाई, मग बादलीतलं पाणी निळं का नसतं?"

मग येतं सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली आणि आपल्याकडच्या बी.एड.मध्ये चांगलीच रुजली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं : प्रश्न, स्पष्टीकरण, फलकलेखन, प्रबलन (मुलांच्या उत्तराला दाद देणं), चेतक बदल (लक्ष टिकावं म्हणून आवाज, हालचाल बदलणं). आपलेच सात-आठ सहाध्यायी विद्यार्थी होऊन बसतात. 6 मिनिटं शिकवणं, 6 मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकणं), 12 मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा 6 मिनिटं शिकवणं आणि पुन्हा 6 मिनिटं प्रत्याभरण, असं 36 मिनिटांचं चक्र.

माझा प्रश्न कौशल्याचा पाठ दांडी यात्रेवर होता. माझ्या मते उत्तम झाला. मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता घेऊन बसलेल्या मैत्रिणीनं कागद पुढे केला. त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी 6 मिनिटांत 11 प्रश्न विचारले होते आणि त्यातल्या 7 प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. शिवाय 'समजलं ना?' पाच वेळा, ते तिनं वेगळं मोजलं होतं. आमच्या मार्गदर्शक मॅडम एवढंच म्हणाल्या, "प्रश्न विचारलास की मनात एक-दोन-तीन म्हण, मगच तोंड उघड." मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं वर्गांमधल्या ध्वनिफिती ऐकून हेच दाखवून दिलं होतं, हे मला पुढे कळलं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. दुसऱ्या फेरीत मी विचारलं, "गांधीजींनी मिठाचाच कायदा का निवडला असेल?" आणि थांबले. ते तीन सेकंद फार लांब वाटले. मग कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "ज्याच्या घरात काहीच नसतं, त्याच्याही घरात मीठ असतं." हे वाक्य माझ्या पाठटाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, नव्हतं. आजही दांडी यात्रा शिकवताना मी तो प्रश्न विचारते आणि थांबते.

तेव्हा सहाध्यायांना आधीच सांगून ठेवा की 'छान झाला' म्हणायचं नाही, मोजायचं. निरीक्षण तक्त्यावर डोळे झाकून बरोबरच्या खुणा करणारे मित्र भरपूर मिळतात. त्यांच्यामुळे गुण मिळतील, पण वर्गात उभं राहिल्यावर त्यांचा उपयोग नाही.

नाट्य कार्यशाळा, शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन, स्नेहसंमेलन, शिक्षक दिन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, हे सगळं वर्षभर चालू राहतं. प्रत्येकाबद्दल लिहीत बसत नाही. एकदा सूत्रसंचालन करा आणि एकदा पूर्णपणे पडद्यामागे राहा : पाहुण्यांना पत्र, त्यांच्या येण्याजाण्याची सोय, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, खर्चाचा हिशेब. शाळेत लागल्यावर ही सगळी कामं एकाच माणसाला करावी लागतात. साहित्य मात्र स्वतःच्या हातानं बनवा. बाजारातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी प्रदर्शनात उठून दिसतो, पण तो वर्गात मोडला तर तुम्हाला दुरुस्त करता येणार नाही.

माझ्यावर खोल ठसा उमटवला तो कोसबाडच्या क्षेत्रभेटीनं. जानेवारी 2018 मध्ये आम्ही एसटीची बस ठरवून त्र्यंबक-जव्हारच्या घाटरस्त्यानं डहाणूकडे गेलो. बसमध्ये अंताक्षरी चालली होती. सर उठले आणि म्हणाले, "पोचायच्या आत प्रत्येकानं वहीत एक प्रश्न लिहून ठेवा, तिथे त्याचंच उत्तर शोधायचं." ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, एवढं परीक्षेपुरतं माहीत होतं. टेकडीवर झाडाखाली बसून सरांनी कुरणशाळेबद्दल सांगितलं. वारली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणावर गेली. पाड्यावरची लहान मुलं यायला तयार नव्हती, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात भरली. साहित्य म्हणून पानं, बिया, खडे, शिंपले. माझ्या वहीतला प्रश्न होता, 'मुलं शाळेत का टिकत नाहीत?' तिथे बसल्या बसल्या मी तो खोडला आणि लिहिलं, 'शाळा मुलांपर्यंत का पोचत नाही?'

पुढच्याच महिन्यात समाजकार्याचा भाग म्हणून आम्हाला शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायचं होतं. द्राक्षांचा हंगाम होता. सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबं बागांवर कामाला आलेली, शेताच्या कडेला पालं टाकून राहिलेली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, हे आम्ही पेपरात घोटून लिहीत होतो. पालाच्या दारात आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर तान्हा भाऊ घेऊन उभी होती. 'शाळेत जातेस का?' या रकान्यात 'नाही' लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण कोसबाड डोक्यात होतं म्हणून आम्ही बसलो. ती गावाकडे तिसरीत होती. तिला 27 पर्यंत पाढे येत होते. इथली शाळा तिला दिसतही होती, रस्त्यापलीकडेच. भावाला कुठे ठेवायचं हा एकच प्रश्न होता, आणि आमच्या छापील अर्जात त्याला रकानाच नव्हता. आम्ही तो पेनानं आखला. मग जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो, त्यांनी भावाला घेऊन यायला परवानगी दिली. ती काही दिवस आली, मग हंगाम संपला आणि कुटुंब परत गेलं. यापलीकडे आमच्या हातून काही झालं नाही, ही खंत अजून आहे.

आंतरवासितेबद्दल सगळ्यांत जास्त विचारलं जातं. 16 आठवडे म्हणजे चार महिने. शाळेत तुम्हाला बदली तास येतील, पेपर तपासायला येतील, आणि प्रत्येक 'दिन' तुमच्यावर सोपवला जाईल. 15 ऑक्टोबर, कलामांची जयंती, आपल्या राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. आमच्याकडे तो आला तेव्हा पहिला बेत ठरलेलाच होता : फ्लेक्स, प्रतिमापूजन, तीन भाषणं, फोटो. आम्ही भाषणं एकावर आणली आणि उरलेला वेळ खरोखर वाचायला ठेवला. ग्रंथालयातली दोनशे पुस्तकं सतरंज्यांवर मांडली, ज्याला जे हवं ते उचलू दिलं.

मी आठवीच्या मुलांत फिरत होते. खिडकीशी बसलेल्या एका मुलाकडे लक्ष गेलं. पुस्तक उघडं, मान खाली, अगदी गुणी. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा तेच पान. वीस मिनिटांनीही तेच. डाव्या पानाच्या कोपऱ्यात हत्तीचं चित्र होतं म्हणून माझ्या लक्षात राहिलं. शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "मला वाचून दाखव ना." त्यानं बोट ठेवलं. 'जं... ग... ला... त'. कान लाल झाले होते. आठवीत असून त्याला अक्षरं जोडता येत नव्हती, आणि पहिल्या बाकावर बसायला न लागल्यामुळे ते झाकून गेलं होतं. मी पुस्तक मिटलं. इकडच्यातिकडच्या गप्पांत कळलं की तो सुट्टीत मामाच्या टेम्पोवर जातो. "मग गावांच्या पाट्या?" "त्या येतात की! पिंपळगाव, वणी, सप्तशृंगी गड." जोडाक्षरासकट.

तिथून पुढे रोज पहिल्या घंटेआधी दहा मिनिटं आम्ही पाट्या वाचल्या. आधी गावांच्या, मग दुकानांच्या, मग वर्तमानपत्राचे मथळे. हाच माझा कृतिसंशोधनाचा, म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीवर उपाय करून पाहण्याच्या प्रकल्पाचा, विषय झाला. वर्गमित्र इंटरनेटवरून विषय शोधत होते, मला तो सतरंजीवर सापडला. आंतरवासिता संपेपर्यंत त्याचे मथळे सरळ वाचून होत होते. लांब परिच्छेद मात्र अजून अडत होते. अहवालात मी तसंच लिहिलं. बाह्य परीक्षकांनी विचारलं, "पूर्ण यश का नाही आलं?" मी म्हटलं, "आठ वर्षांचं राहिलेलं चार आठवड्यांत झालं नाही." त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

आता एक कटू गोष्ट. हजेरीची सवलत देणारी, पाठ कागदावरच पूर्ण करून देणारी कॉलेजं आहेत. तयार पाठटाचणं आणि तयार अहवाल विकत मिळतात. नोकरी सांभाळून बी.एड. करणाऱ्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे, त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण प्रवेशाआधी सीनियरना दोन प्रश्न जरूर विचारा : पाठाच्या वेळी मार्गदर्शक शेवटपर्यंत वर्गात बसतात का, आणि आंतरवासितेची शाळा खरंच रोज जावी लागेल अशी आहे का. उत्तर देताना सीनियर घुटमळला तर दुसरं कॉलेज बघा. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) या परीक्षा पुस्तकं वाचून देता येतील. वर्गात उभं राहण्याची सवय मात्र हीच दोन वर्षं लावतात.

कामाचं थोडं : अहवाल त्याच दिवशी रात्री लिहा, पंधरवड्यानं लिहिलात तर 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला' याखेरीज काही आठवत नाही. त्याच वहीच्या मागच्या बाजूनं स्वतःसाठी चार ओळी लिहा : आज कोणतं मूल दिसलं, काय म्हणालं. हत्तीचं पान मला त्या चार ओळींमुळेच आठवतं. फोटोला मुलांना कार्यक्रम थांबवून उभं करू नका. आणि खडूचा एक डबा स्वतःचा ठेवा.

काकूंच्या मुलीच्या गटाचा परिपाठ येत्या सोमवारी आहे. तिच्याकडे दिनविशेष आलाय. काल रात्री तिचा मेसेज आला, "ताई, एकच सांगायचा तर कोणता घेऊ?" मी म्हटलं, तुझ्या कॉलेजचे शिपाईकाका तीस वर्षं तिथे आहेत, कॉलेज सुरू झालं तो दिवस त्यांना विचार. आज दुपारी ती त्यांच्याकडे जाणार आहे.