युद्धकाळातल्या बिग बँड रेडिओ रेकॉर्डिंग्ज जमवताय? कव्हर नको, तारीख बघा

बिग बँड जॅझ, म्हणजे मोठ्या ताफ्याने वाजवलेलं जॅझ, आवडायला लागलं की आपण आधी ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी यांची स्टुडिओतली रेकॉर्ड्स घेतो आणि मग कधीतरी लक्षात येतं की १९४२ च्या ऑगस्टनंतर दोनेक वर्षं काहीच नाहीये. अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने, जेम्स पेट्रिलो तिचा अध्यक्ष, १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंग बंद पाडलं, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने साधारण वर्षभरात तडजोड केली पण व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. रेडिओवर वाजवायला मात्र बंदी नव्हती, आणि म्हणूनच हे सगळं जमवायचं.

बेसीचंच बघा ना. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग १९४३ च्या शेवटी त्याच्या बँडमध्ये परत आला आणि १९४४ मध्ये लष्करात गेला, म्हणजे सगळा मुक्काम बंदीच्या काळातच. तो बँड ऐकायचा तर १९४४ च्या एप्रिलमधले न्यूयॉर्कच्या हॉटेल लिंकनमधले ब्रॉडकास्ट आणि व्ही-डिस्क, मुख्यतः हेच हातात आहे.

व्ही-डिस्क म्हणजे सैनिकांसाठी काढलेल्या १२ इंची तबकड्या, ऑक्टोबर १९४३ ते १९४९. वादकांनी मानधन सोडलं होतं आणि अट अशी की बाजारात विकायच्या नाहीत. दुसरा मोठा साठा एएफआरएस, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या रेडिओचा, १६ इंची तबकड्या, एका बाजूला साधारण १५ मिनिटं. आपल्या घरातल्या टर्नटेबलवर त्या बसतच नाहीत, त्यामुळे मूळ तबकडीच्या मागे न लागता रीइश्यूच, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या सीडीच घ्या. 'वन नाइट स्टँड' ही बॉलरूममधली मालिका आणि कृष्णवर्णीय कलाकारांची 'जुबिली', ही दोन नावं पाठच करून ठेवा.

आता घेताना काय बघायचं, तर पहिली गोष्ट तारीख आणि जागा. मी सुरुवातीला एकाच बँडच्या तीन सीडी घेतल्या, तीन लेबलं, तीन कव्हरं, आणि रात्री सलग ऐकताना दुसऱ्या सीडीवर निवेदक एका गाण्याच्या नावात अडखळला, तिसरीवरही तिथेच तसाच अडखळला. एकच ब्रॉडकास्ट! तेव्हापासून ज्या सीडीवर तारीख, ठिकाण आणि कार्यक्रमाचा नंबर छापलेला नाही ती मी घेतच नाही. आणि एएफआरएसवाले जाहिराती कापायचे, कधी वेगवेगळ्या रात्री जोडून एक कार्यक्रम करायचे, त्यामुळे एका नंबरला दोन तारखा दिसल्या तर ती चूकच असेल असं समजू नका.

दुसरं म्हणजे स्पीड. बँडची थीम, म्हणजे त्याची ओळखीची धून, स्टुडिओ रेकॉर्डिंगशेजारी लावा, सूर वर किंवा खाली सरकलेला वाटला तर ट्रान्सफर, म्हणजे तबकडीवरून सीडीवर उतरवताना, चुकलाय, सगळेच एकदम घाईत वाजवतात असं वाटतं ते बऱ्याचदा यानेच.

तिसरं, खरखर. अजिबात खरखर नसेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. जास्त साफसफाई केली की झांजा कापसात गुंडाळल्यासारख्या होतात आणि हॉलचा श्वासच जातो. अर्ध्या तासाच्या मध्यावर खरखरीचा पोत अचानक बदलला तर घाबरू नका, तिथे तबकडीची बाजू बदललीय.

सुरुवात कुठून करायची? माझ्या मते एलिंग्टनच्या ट्रेझरी ब्रॉडकास्टपासून. एप्रिल १९४५ पासून शनिवारी व्हायचे, सरकारी युद्धरोखे खपवण्यासाठी, डेन्मार्कच्या स्टोरीव्हिल लेबलने ते डबल सीडीत क्रमाने काढलेत. १४ एप्रिलचा नक्की ऐका, दोनच दिवस आधी रूझवेल्ट गेले होते, अख्खा कार्यक्रम श्रद्धांजलीचा आहे. मग हेप लेबलवरचा सॅम डोनह्यूचा नेव्ही बँड घ्या, फार कमी लोक ऐकतात आणि काय जबरदस्त ब्रास आहे, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा! सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रम्पेट ज्यांना आवडतो त्यांना तर ही भाषा ओळखीचीच वाटेल.

आणि पहिल्या सीडीपासूनच एक वही किंवा एक्सेल शीट करा, बँड, तारीख, जागा, कार्यक्रमाचा नंबर, लेबल, कॅटलॉग नंबर. नवीन काही ऑर्डर करायच्या आधी तारखेचा कॉलम शोधायचा, मगच पैसे भरायचे.