ओल्या तुसाने तोंडचं पाणी पळवलं

पौडजवळच्या शेडमध्ये पहिल्यांदाच मांसासाठीच्या ब्रॉयलर कोंबडीची 100 पिल्लं आणली, तीही ऐन जुलैत. पहिला आठवडा बरा गेला. ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बखाली, पिल्लांनी दाटीवाटी केली की बल्ब खाली घ्यायचा, लांब पांगली की वर.

तिसऱ्या आठवड्यात मात्र सकाळी आत शिरलो आणि डोळे चुरचुरले. जमिनीवर अंथरलेला तूस मुठीत दाबला तर चक्क लाडू वळला! पाऊस नको म्हणून मी पडदे वरपर्यंत गच्च बांधले होते. मग ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू जाणार कुठून? त्यात पाण्याची भांडी जमिनीलगत. पिल्लं रोज वाढतायत, भांडी तिथंच, म्हणजे निम्मं पाणी तुसात.

ओली ढेकळं काढून कोरडा तूस पसरला. भांडी विटांवर ठेवून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणली, पडदे वरून हातभर सोडले. रोज सकाळी दाताळ्याने तूस खालीवर करायचा, हे काम कंटाळवाणं, पण टाळलं की दोन दिवसांत पुन्हा वास.

सहाव्या आठवड्यात बहुतेक पक्षी दोन किलोंच्या वर गेले. तळपायाला फोड आलेले सात-आठ मागेच राहिले. ते घरच्या रश्श्यात गेले.