पॉलिहाउसच्या कागदावर पहिलं वर्ष

कृषी पदविका झाल्यावर मी मावळात पॉलिहाउस उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला लागलो. कॉलेजात आर्द्रता, ठिबक, खतांची मात्रा सगळं शिकवलं होतं. छप्पर उडतं कसं, ते एप्रिलातल्या एका वळवाने शिकवलं.

28 बाय 36 मीटरचं नेहमीचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस, आत जरबेरा. कागद चढवून दोनच आठवडे झाले होते. (प्लॅस्टिकच्या फिल्मला आम्ही कागदच म्हणतो.) पश्चिमेच्या कोपऱ्यात प्रोफाइलमधली (कागद अडकवायच्या पट्टीच्या खाचेतली) झिगझॅग स्प्रिंग वीतभर अलीकडेच संपली होती आणि नवा तुकडा घालायचा कंटाळा मीच केला होता. वाऱ्याने नेमका तोच कोपरा धरला. आधी नुसती फडफड, मग उसवलेल्या शिवणीसारखी स्प्रिंग सरसर निघत गेली. बघता बघता अख्खा गाळा, म्हणजे एका कमानीखालचा पूर्ण पट्टा, उघडा पडला. मालक मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून मी आधी कोपरे बघतो. स्प्रिंग कोपऱ्याच्या पुढे जाऊन वळली पाहिजे. दोन कागद एकावर एक येतात तिथे स्प्रिंगही दुहेरी टाका. प्रोफाइलच्या जोडाला धार असेल तर कानस मारा, वर टेप लावा. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

थोडं गणितही डोक्यात असू द्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरला चौरस मीटरमागे साधारण 12 किलो, 100 ला 47 च्या आसपास. 8 मीटर रुंद आणि 32 मीटर लांब गाळ्याला हा हिशेब बारा टनांवर जातो. कमानीवरून जाणारा वारा छप्पर वर ओढतो. बाजूचा पडदा उघडा राहिला तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो, आणि दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. म्हणून आभाळ भरून आलं की छताकडे बघत बसू नका. आधी पडदे खाली घ्या, दोन्ही दारं लावा, ॲप्रनचा (भिंतीच्या तळाच्या पट्ट्याचा) कागद मातीत नीट गाडलाय का बघा.

कागद घट्ट आणि फाउंडेशन उथळ असेल तर सगळा ताण कॉलमवर येतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळ-मुळशीतलीही पॉलिहाउस पाडून गेलं. एवढं मोठं वादळ अंगावर आलं, तर कागद कापून सांगाडा वाचवणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. कागद तसाही काही वर्षांनी बदलावाच लागतो, सांगाडा बदलायचा म्हणजे कर्ज. पण हा निर्णय मालकाचा. आणि कापायचा तर वारा चढायच्या आधी. वादळात छतावर कुणी जायचं नाही.

कागद चढवायचं काम सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. भर उन्हात ताणला तर थंडीत जास्त ओढला जातो, गारव्यात चढवला तर दुपारी सैल पडून फडफडतो आणि पावसात त्यात पाण्याचे फुगे धरतात. मी सूर्य उगवल्यावर तास-दीड तासाचा वेळ साधतो. छापील बाजू वर. मनगटाला कागद गुंडाळून धरायची सवय नव्या पोरांना हमखास असते, ती पहिल्या दिवशीच मोडा. झोत आला की कागद शीड होतो आणि माणसाला गटरवरून (दोन गाळ्यांमधल्या पन्हळीवरून) ओढून नेतो. कागद गेला तर जाऊ द्या, हात सोडा. सेफ्टी बेल्ट ठेकेदाराकडे मागून घ्या, लाजू नका.

गुलाबाच्या शेतकऱ्याला भुरी रोगासाठी गंधक किती वेळा मारता, हेही विचारून ठेवा. गंधकाने कागद लवकर कमकुवत होतो आणि उडाला की दोष फिटिंगवर येतो.

काम संपल्यावर आठ-दहा दिवसांनी मी एकदा फुकटची चक्कर मारतो. कागद तोवर बसलेला असतो. बोटांनी प्रत्येक स्प्रिंग दाबत जातो, ढिली लागली की काढून पुन्हा बसवतो. दहा गुंठ्यांना दोन माणसांची एक सकाळ पुरते.