स्कॅनर घ्या, पण आधी 'इरेज' दाबू नका: गाडीची स्वस्त अवजारं आणि नेहमीच्या चुका

"गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर ऑनलाइन सहाशे रुपयांत मिळतोय, घेऊ का?" दर महिन्याला कुणी ना कुणी मला हे विचारतं. घ्या, असंच मी सांगतो. माझ्याकडेही तसलाच आहे आणि त्याने मला बऱ्याच वेळा वाचवलं आहे. पण पुढे काय होतं तेही मी पाहत आलोय. स्कॅनर घरी आला की पंधरा मिनिटांत 'इरेज', म्हणजे कोड पुसायचं बटण, दाबलं जातं, चेक इंजिनचा दिवा विझतो, माणूस खूश होतो. दोन आठवड्यांनी तीच गाडी गॅरेजवर उभी असते आणि मिस्त्रीच्या हाती काहीच धागा उरलेला नसतो.

स्वस्त अवजारं घ्यावीत की नाही, याचं सरसकट उत्तर नाही. जे अवजार फक्त मोजतं किंवा वाचतं, ते मी बिनधास्त स्वस्तातलं घेतो आणि एकदा खात्रीच्या मापाशी ताडून पाहतो. ज्याच्यातून मोठा करंट जातो किंवा ज्याच्यावर गाडी तोलली जाते, तिथे पैसे वाचवत नाही. आणि जे नुसतं लावून ठेवलं की मायलेज वाढेल असं सांगतात, ते फुकट दिलं तरी घेत नाही.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे

माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. आपल्याकडे २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे स्कॅनर लावायची जागा, असतं, तसं तिलाही आहे. एका जून महिन्यात चेक इंजिनचा दिवा लागला. डोंगल, म्हणजे माझा मोबाइलशी जोडणारा छोटा स्कॅनर, लावला, मोबाइलवर कोड आला: पी०१७१. म्हणजे मिश्रण 'लीन', हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मी तेव्हा नवशिक्या होतो आणि घाईत होतो. कुठेतरी वाचलं की असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, बदला. सेन्सर मागवला, तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवरून जुना सेन्सर काढताना दोन तास घालवले, नवा बसवला, कोड पुसला. दिवा गेला.

चार दिवसांनी चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना दिवा परत लागला. खाली पोचेस्तोवर गाडी उभी राहिली की आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचं संथ फिरणं, वरखाली व्हायला लागलं, इंजिन मधूनच बंद पडायला लागलं. चिपळूणमध्ये एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर मागितलाच नाही. बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि कान लावून उभे राहिले. इंजिनात हवा नेणाऱ्या इंटेक मॅनिफोल्डजवळ बारीक सूं-सूं आवाज येत होता. वीतभर लांबीचा रबरी पाइप वळणावर चिरला होता. त्यांनी चिरेवर बोट दाबलं आणि इंजिन लगेच शांत चालायला लागलं.

"सेन्सर कशाला बदललात? तो खरंच सांगत होता," ते म्हणाले. मला आजही ते वाक्य आठवतं. चिरेतून जादा हवा आत जात होती, सेन्सर तेच कळवत होता, आणि मी कळवणाऱ्यालाच काढून टाकलं होतं. पाइपला शंभर-सव्वाशे रुपये पडले. सेन्सरला त्याच्या कितीतरी पट.

आता ती कोड पुसण्याची गोष्ट. बिघाडाची नोंद करताना गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाचं चित्रही साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिनचे मिनिटाला फेरे किती होते, कूलंट किती तापलं होतं, गाडी धावत होती की उभी, पेट्रोलची दुरुस्ती (फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय) किती टक्के चालली होती, हे सगळं त्यात असतं. 'इरेज' दाबलं की कोडबरोबर तेही जातं. माझ्या गाडीत तेव्हा आकडे पाहिले असते तर आयडलिंगला पेट्रोलची दुरुस्ती खूप वर आणि २५०० फेऱ्यांवर बरीच खाली दिसली असती. हे कुठूनतरी हवा ओढली जात असल्याचं जवळपास हमखास लक्षण आहे. इंजिन हळू फिरताना त्या जादा हवेचा वाटा मोठा असतो, जोरात फिरताना तो नगण्य होतो. दोन्हीकडे दुरुस्ती सारखीच वर असेल, तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासायचा.

म्हणून माझी सवय अशी आहे: कोड आला की त्याचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढतो, मग इंजिन गरम करून आयडलिंगला आणि २५०० ला आकडे लिहून घेतो. काम पूर्ण झाल्याशिवाय काहीही पुसत नाही. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. एवढाही धीर नसेल तर स्कॅनर घेऊ नका आणि गाडी सरळ गॅरेजला न्या.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनरही बाजूला ठेवा. तो मिसफायरचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट न पेटण्याचा, इशारा असतो. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यालाच जाळतं, आणि तो पार्ट महाग आहे. गाडी बाजूला घ्या.

आणखी एक: डोंगल कायम लावून ठेवू नका. समजा तो ५० मिलिअँपिअर खातो. गाडी तीन आठवडे उभी राहिली तर जवळपास २५ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरीच ३५ ची असते. दिवाळीला गावी जाऊन आल्यावर "नवी बॅटरी कशी बसली?" म्हणून विचारणाऱ्यांना मी आधी डोंगल कुठे आहे ते विचारतो.

मायलेज वाढवणारी जी 'चिप' त्याच सॉकेटमध्ये बसते, तिचा या सगळ्याशी काही संबंध नाही. मी दोन उघडून पाहिल्या. आत दिवे लुकलुकवणारं छोटं सर्किट होतं, गाडीच्या डेटाच्या पिनांपर्यंत तार पोचतच नव्हती. पेट्रोलच्या पाइपला लावायचे लोहचुंबकही त्याच रांगेत.

जंपर केबलवर छापलेला आकडा

बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करायची ती जंपर केबल. पाकिटावर '५०० अँपिअर' लिहिलेलं असतं. केबल हातात घेतली तर जाड वाटते, पण ती जाडी प्लॅस्टिकची असते. आतली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची, तीही जेमतेम. एक धागा ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की कळेल.

हिशेब करून बघा. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ मारताना दीडशे अँपिअर सहज लागतात. अडीच मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन पाच मीटर. ४ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियम असेल तर वाटेतच पाच व्होल्ट खर्ची पडतात. १२ पैकी पाच गेल्यावर सेल्फ काय फिरणार? तेच १६ चौरस मिलिमीटर तांबं असेल तर एक व्होल्टसुद्धा जात नाही. मी १६ च्या खाली घेत नाही. डिझेल गाडी असेल तर २५ घ्या.

आधीच पातळ केबल घेऊन बसला असाल तर सेल्फ मारत राहू नका, केबल वितळेल. जोडून ठेवा, दुसरी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या, तुमची बॅटरी थोडी भरेल, मग प्रयत्न करा. जोडताना लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. काढताना उलट क्रमाने.

मल्टिमीटर

तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर ही मी सगळ्यांना घ्यायला लावतो अशी वस्तू. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली तर लगेच चार्ज करा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटर (बॅटरी भरणारा जनरेटर) कमी-जास्त करतो, तिथे एका वाचनावरून अल्टरनेटर गेला असं ठरवू नका.

यातली चूक एकच, पण वाईट. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात खोचून बॅटरीच्या दोन टोकांना लावायची. त्या भोकातून मीटरला जवळपास शून्य रोध असतो, म्हणजे तुम्ही बॅटरी सरळ शॉर्ट करता. या स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं असतं. फ्यूज नाही, म्हणजे जळणार ती वायर आणि तुमची बोटं. माझ्या मीटरच्या त्या भोकावर मी चिकटपट्टी लावून टाकली आहे.

हवा भरायचा पंप

चांगली वस्तू, जरूर घ्या. पण त्यावरचा आकडा पेट्रोल पंपावरच्या हवेच्या गेजशी एकदा ताडून पाहा. माझा पंप दोन पीएसआय जास्त दाखवतो, तेवढं मी पाठ केलं आहे. हवा थंड टायरमध्ये, सकाळी. एक्सप्रेसवेवरून उतरून लगेच मोजली तर तीन-चार पीएसआय वाढलेली दिसते, आणि लोक ती 'जास्त' म्हणून सोडून देतात. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतं, टायरच्या कडेवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. दहा मिनिटं चालला की पंपाला थंड होऊ द्या.

जॅक

याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. सोबत आलेला कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो, गाडीखाली शिरण्यासाठी नव्हे. स्वस्तातला हायड्रॉलिक जॅकही नव्हे, त्याचं सील कधी दगा देईल सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, गुहागरकडे जाताना मावसभावाच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. त्याने गाडी रस्त्याकडेच्या लाल मातीत घेतली. दोन दिवस पाऊस पडून गेला होता. मी मागच्या गाडीतून उतरून पोचेपर्यंत त्याने जॅक लावून चाक काढलं होतं आणि आत ब्रेक पॅड बघतो म्हणून हात घालून बसला होता. मी ओरडलो, "हात काढ!" त्याने हात काढला, आणि दहा-बारा सेकंदांत जॅकचा पाया चिखलात तिरका बसला. गाडी डिस्कवर आदळली. डिस्क वाकली, सिलचा, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीचा, पत्रा चेपला. हात आत असता तर मी हे असं लिहू शकलो नसतो.

तेव्हापासून माझ्या डिकीत फूटभर चौकोनी, जाड प्लायवूडचा तुकडा असतो. लाकडाच्या वखारीत तो जवळजवळ फुकट मिळतो. जॅक कायम त्यावर. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरपं समोरच्या चाकाला दगड. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे, हवेत असताना पान्यावर जोर दिला की गाडी हलते. आणि चाक काढलं की ते लगेच गाडीखाली, सिलच्या बाजूला आडवं सरकवायचं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. स्टेपनी बसवताना ते चाक बाहेर काढायचं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर एकदा परत पाहायचे.

घरी खाली शिरून काम करायचंच असेल तर उचललेली गाडी तोलून धरणारे दोन जॅक स्टँड घ्या, चांगले घ्या, आणि गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा, मग आत जा.

बाकीच्या काही वस्तू

टायरच्या खाचा मोजायची पट्टी शंभर रुपयांत मिळते. कायद्याने १.६ मिलिमीटर चालतं, मी पावसाळ्याआधी ३ च्या खालचे टायर बदलतो.

ब्रेक ऑइल तपासायचं पेन मला पटत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदला, पेनाचा प्रश्न उरत नाही. जुनं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३० अंशांवर उकळतं, ओलावा धरल्यावर १५५ च्या आसपास, आणि घाट उतरताना ब्रेक किती तापतात ते उतरणाऱ्याला माहीत आहे.

उंदीर पळवणारी अल्ट्रासोनिक पेटी दोन-चार दिवस कामाची वाटते, मग उंदरांना सवय होते. गाडीत खाऊचे पुडे ठेवू नका आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

पंक्चरचं किट मात्र घ्या, ट्यूबलेस टायर असेल तर. यात घाई करणारे आधी खिळा उपटतात आणि मग किट शोधत बसतात, तोवर हवा निघून टायर रिमवर बसतो. आधी पट्टी सुईत ओवून तयार ठेवा, मग खिळा काढा, खिळा ज्या तिरकेपणाने गेलाय त्याच तिरकेपणाने रीमर (भोक साफ करायचा खरखरीत टोचा) फिरवा. पट्टीचं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा आणि साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का पाहा. भोक टायरच्या कडेच्या भिंतीला असेल तर पट्टी ओवूच नका, स्टेपनी काढा.